पोचा आलेले मापटे

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून एक पितळी मापटे खाली उतरते. एरवी वर्षभर ते तिथे उपडे बसलेले असते आणि त्याची आठवणही कोणाला होत नाही. पण चकलीच्या भाजणीचा दिवस उजाडला की त्याच्यावाचून घरात पान हलत नाही. तांदूळ इतकी मापटी, हरभऱ्याची डाळ इतकी, उडदाची इतकी, असा आमच्या आईने घालून दिलेला हिशेब आहे आणि तो किलो-ग्रॅममध्ये मांडण्याचे धाडस आजवर कोणी केलेले नाही. देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून शेर-मण-पायली ही मंडळी टप्प्याटप्प्याने बाजारातून हद्दपार झाली, कोल्हापूरच्या गुळाच्या पेठेतही किलो आणि क्विंटल बोलू लागले. आमच्या फळीपर्यंत मात्र तो कायदा अजून चढलेला नाही.

या मापट्याला एका अंगाला चांगला अंगठाभर पोचा आहे. तो कधी आला, मापटे कोणाच्या हातून पडले, याबद्दल आमच्या घरात तीन मते आहेत. आणि तिन्ही मतांप्रमाणे पाडणारी व्यक्ती आज हयात नाही, हे त्यातल्या त्यात बरे. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी हौसेने ते मापटे पाण्याने भरले, मोजपात्रात ओतून पाहिले आणि नव्या नवरीपुढे विद्वत्ता पाजळली, "हे माप खोटे आहे!"

ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खोटे कशाने? पोचा आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दर मापट्यामागे अर्धी मूठ वर घालायची, असे सासूबाईंनी मला सांगून ठेवले आहे."

मी हसलो. तिच्या त्या अर्ध्या मुठीत माझ्या सबंध धंद्याचे मर्म होते, हे कळायला मला पुढे पंधरा वर्षे लागली. आणि त्याची किंमत माझ्याहून अधिक दुसऱ्यांना मोजावी लागली. ती हकीकत आज सांगावी म्हणतो.

माझा धंदा काय, हे चारचौघांत सांगायचे म्हणजे पंचाईत असे. मुलगी पाहायला गेलो तेव्हा भावी सासऱ्यांनी विचारले, "आपण करता काय?"

"मापे तपासतो."

"म्हणजे वजनमापे खात्यात?" त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा घाबरलेले वाणी उभे राहिले असावेत.

"नाही, कारखान्यात. कामगार ज्या साधनांनी माल मोजतात, ती साधने बरोबर मोजतात की नाही, हे मी मोजतो."

सासरे क्षणभर गप्प बसले आणि मग मिस्कीलपणे म्हणाले, "आणि तुमचे कोण मोजते?"

त्यांनी थट्टा केली होती. पण या धंद्यातला खरा प्रश्न तोच आहे.

आमचे कोल्हापूर हे मुळात मेस्त्री लोकांचे गाव. बाहेरच्यांना इथली अंबाबाई, तालमी, तांबडा-पांढरा रस्सा आणि पायातल्या वहाणा ठाऊक असतात. पण शिवाजी उद्यमनगरातून एकदा सकाळी फिरून या. लेथचा आवाज, भट्टीचा वास आणि काळे हात. पंचगंगेच्या काठी ऊस वाढला, उसाला पाणी देण्यासाठी इंजिने आणि पंप आले, ते बिघडू लागले, आणि ते दुरुस्त करता करता इथले लोक ते बनवू लागले. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वदेशी सिनेमा-कॅमेरा घडवून दाखवला, त्या गावच्या मेस्त्रीला आपल्या नजरेचा आणि बोटांचा अभिमान असणारच. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव या वसाहती झाल्या, ओतकामाच्या भट्ट्या वाढल्या आणि इथले सुटे भाग देशभरच्या पंपांत आणि मोटारींत जाऊन बसू लागले. मग मात्र नुसती नजर पुरेना. कोल्हापुरात केलेला दांडा परगावच्या एका अनोळखी बेअरिंगमध्ये पहिल्याच झटक्यात बसायला हवा असेल, तर त्या दोन गावांतला मिलिमीटर एकच असला पाहिजे. तो एकच आहे याची खात्री करून घेणे, ती खात्री कागदावर लिहून ठेवणे आणि ठराविक दिवसांनी पुन्हा पाहणे, याचे नाव कॅलिब्रेशन.

आता सासऱ्यांच्या प्रश्नाकडे वळतो. कामगाराचे गेज मी तपासतो ते स्लिप गेजने. स्लिप गेज म्हणजे पोलादाच्या लहान-लहान वड्या, आरशासारख्या गुळगुळीत. एक १.००३ मिलिमीटरची, एक १.४९ ची, एक ७.५ ची, एक २० ची. या चार नीट पुसून एकमेकींवर सरकवल्या की अशा चिकटतात की हाताने ओढून सुटू नयेत, आणि त्यांची थप्पी होते बरोबर २९.९९३. ही युक्ती योहान्सन नावाच्या एका स्वीडिश गृहस्थाची. बंदुकांच्या कारखान्यात नोकरीला असताना, १८९६ च्या सुमारास, त्याला ही कल्पना सुचली आणि वड्या घासण्यासाठी त्याने घरी बायकोच्याच शिलाई मशीनचे यंत्र केले. आमच्या घरी असा प्रयोग झाला असता तर पुढचा इतिहास निराळा झाला असता!

पण या वड्यांना तरी कोण तपासणार? त्या वर्षातून एकदा पुण्याच्या प्रयोगशाळेत जात. त्या प्रयोगशाळेची मापे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेशी ताडलेली. १९५० साली सुरू झालेली ही संस्था देशाची मूळ मापे सांभाळते. आणि दिल्लीचा मीटर? पूर्वी पॅरिसजवळ ठेवलेली एक धातूची पट्टी हा मीटरचा मूळपुरुष होता; १९६० साली पट्टी जाऊन प्रकाशाच्या लहरी आल्या; १९८३ पासून प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात निर्वात पोकळीत जितके अंतर जातो, तो मीटर. थोडक्यात, शिरोलीतल्या तेलकट गेजचीही वंशावळ लावावी लागते आणि ती सरळ प्रकाशापर्यंत जाते. सूर्यवंशी म्हणायला हरकत नाही.

त्या काळी वड्यांची पेटी पुण्याला न्यायची ती मी स्वतः, रात्रीच्या एस.टी.ने, मांडीवर ठेवून. एकदा कंडक्टरने विचारले, "काय हो, दागिने?"

"दागिनेच," मी म्हणालो.

त्या बिचाऱ्याने साताऱ्यापर्यंत माझ्यावर लक्ष ठेवले. माझ्यावर की पेटीवर, ते कळले नाही. आता कोल्हापूरच्या आसपासच मान्यता मिळालेल्या प्रयोगशाळा झाल्या आहेत आणि तो रात्रीचा प्रवास संपला.

कारखान्यात माझी एक बंद खोली होती आणि तीत वातानुकूल यंत्र होते. मे महिन्यात मालकांच्या केबिनमध्ये पंखा गरगरत असे आणि गेज मात्र गारव्यात पहुडलेली. कामगार त्या खोलीला 'माहेर' म्हणत, कारण गेज तिथे विश्रांतीला येतात! पण तो डामडौल नव्हे. शंभर मिलिमीटर लांबीचे पोलाद दहा अंश तापले की अकरा-बारा मायक्रॉन वाढते, म्हणून साऱ्या जगाने ठरवले आहे की लांबी सांगायची ती वीस अंश सेल्सिअसवरची. नुसते हातात धरून गप्पा मारल्या तरी माप बदलते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस, ज्यांच्या डोक्यावर असेल त्यांचा, सुमारे साठ-सत्तर मायक्रॉन जाड भरेल.

खोलीत एक रजिस्टर होते. प्रत्येक साधनाला नंबर, त्याची खरेदी, त्याची प्रत्येक तपासणी, त्यात सापडलेली चूक, पुढची तारीख. शिवाय साधनावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली. तारीख उलटली की ते कामावरून उचलायचे. मी या रजिस्टरवर जिवापाड प्रेम करीत असे. कामगार मात्र व्हर्नियरच्या टोकाने लोखंडावर रेघा ओढीत, मायक्रोमीटरने नट पकडीत, लोणच्याच्या हातानेच गेज उचलीत. गेज पडत, चेपत, आणि कोणी पाडले ते कधीच कळत नसे. शेवटी मी मालकांच्या कानी घातले आणि एक नोटीस लावली. 'मापनसाधन पाडून खराब करणाऱ्याच्या पगारातून त्याची किंमत कापून घेतली जाईल.' मजकूर माझा, अक्षरही माझेच. अक्षर चांगले असल्याबद्दल मालकांनी शाबासकी दिली. पुढचे काही महिने एकही गेज पडल्याची वार्ता आली नाही, आणि मी ते माझ्या शिस्तीचे यश समजलो.

१९९६ सालची गोष्ट. खंडेनवमीला रिवाजाप्रमाणे यंत्रांची आणि हत्यारांची पूजा झाली. गेजांनाही हळदकुंकू लागले, आणि दसऱ्याचे सोने लुटून दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो तो ते कुंकू पुसत बसलो. कुंकवाचा कणही मायक्रॉनच्या हिशेबात डोंगर असतो. पुसता पुसता महिन्याची तपासणीही उरकावी म्हणून हातात आले ते तीस मिलिमीटरच्या दांड्याचे स्नॅप गेज. याला दोन जबडे असतात. एक 'गो', म्हणजे दांडा त्यातून गेलाच पाहिजे. दुसरा 'नो-गो', म्हणजे जाता कामा नये. 'गो' जबडा २९.९९३ चा. मी चार वड्यांची थप्पी केली आणि जबड्यात घातली. ती अलगद, आपल्या वजनाने उतरायला हवी. ती विहिरीत धोंडा पडावा तशी गेली. मी १, ९ आणि २० यांच्या जवळच्या वड्या घेऊन ३०.००१ ची थप्पी केली. तीही गेली.

जबडा आठ मायक्रॉन उघडला होता. केसाच्या जाडीच्या आठव्या हिश्शाइतका. म्हणजे गेल्या महिनाभरात जे दांडे जाड म्हणून परत जायला हवे होते, त्यांतले काही 'चांगला माल' म्हणून पुढे गेले होते. हजार-बाराशे दांडे आमच्या गोडाऊनमध्ये होते; त्याहून अधिक परगावच्या पंपाच्या कारखान्याकडे रवाना झाले होते. जाड दांडा बेअरिंगमध्ये ठोकून बसवला, तर तो बसतोही. मग तो पंप एखाद्या शेतकऱ्याच्या विहिरीवर ऐन उन्हाळ्यात तापून अडकतो, आणि समोर उभा ऊस वाळत असतो.

ते गेज वापरीत आमचे एक जुने तपासनीस. सारा कारखाना त्यांना मामा म्हणे, मीही म्हणत असे. नोकरीची वीस वर्षे झालेली, हात असा की दांडा बोटांतून फिरवून जाड-बारीक सांगावा. मी त्यांना बोलावून गेज पुढे ठेवले. ते त्याच्याकडे पाहत उभे राहिले, काही बोलले नाहीत आणि निघून गेले. मला राग आला. मी नोटिशीचे कलम मनात घोळवू लागलो.

रात्री नऊच्या सुमारास मामा माझ्या घरी आले. आत या म्हटले तरी चप्पल काढून दारातच बसले.

"सायेब, पडलं व्हतं माझ्या हातनं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिशी. रातभर मिरवणुकीत जागलो व्हतो."

"मग त्याच दिवशी सांगायचे नाही का, मामा?"

"सांगायचं म्हनून तुमच्या खोलीपातूर आलो व्हतो. दाराशेजारी ती नोटीस." ते थांबले. "पोरीचा पयला दिवाळसण हाय. जावई यायचा हाय. अर्धा पगार कापला असता, तर काय केलं असतं? म्हटलं, हातानं सांभाळून घिऊ. जो दांडा जड वाटला, त्यो बाजूला काढत गेलो. पर बोटं आता पयल्यासारखी ऱ्हायली न्हाईत. महिना झाला, झोप न्हाई बगा."

ते गेल्यावर सौभाग्यवती पाण्याचा तांब्या उचलत एवढेच म्हणाली, "भीतीने गप्प बसले बिचारे." ती उघड बोलली नाही, पण नोटीस कोणाच्या अक्षरात आहे, हे तिला ठाऊक होते.

मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. आठ मायक्रॉनची चूक मामांच्या हातून झाली होती, आणि ती एका दिवसाची होती. ती महिनाभर लपून राहिली ती माझ्यामुळे. गेज पडणारच, माणसाच्या हातात असलेली वस्तू केव्हातरी पडते. मी पडण्यावर दंड बसवला आणि त्याने पडणे थांबले नाही, सांगणे थांबले. माझ्या रजिस्टरात प्रत्येक साधनाची चूक लिहायला रकाना होता, माणसाच्या चुकीला मात्र मी जागाच ठेवली नव्हती. प्रयोगशाळेचा दाखला वाचायला मीच नव्या मुलांना शिकवीत असे. तो दाखला 'हे साधन अचूक आहे' असे कधीच म्हणत नाही. ते इतके चुकते, आणि आमच्या या सांगण्यातही इतकी शंका धरा, असे म्हणतो. चूक कळली की तेवढी वजा करून काम चालते. घरातल्या मापट्याला पोचा होता, पण तो सगळ्यांना ठाऊक होता. म्हणून चकली कधी बिघडली नाही.

सकाळी मी मालकांना सगळे सांगितले, नोटिशीसकट. ते उद्यमनगरातल्या एका मेस्त्रीचे चिरंजीव. त्यांनी दोन्ही गोष्टी शांतपणे ऐकल्या.

"गिऱ्हाइकाला कळवले नाही तर?" त्यांनी विचारले.

"कदाचित काही होणार नाही. कदाचित पाच-पन्नास पंप अडकतील."

"दिवाळी तोंडावर आहे. त्यांनी बिल अडवले तर बोनस कुठून देऊ?"

मला याचे उत्तर देता आले नाही. ते उठून खिडकीपाशी गेले, खाली अंगणात चाललेली मालाची चढउतार पाहत राहिले, आणि मग म्हणाले, "गाडी काढायला सांगा. मीही येतो."

त्या पंपाच्या कारखान्यात आम्ही दोन दिवस बसलो. मामांना बरोबर नेले होते. तपासलेले दुसरे गेज, वड्यांची पेटी आणि आम्ही तिघे. दांड्यामागून दांडा. एकसष्ट जाड निघाले. मामांच्या बोटांनी वाटेत अडवले नसते, तर कितीतरी अधिक निघाले असते. जाड असल्याने ते परत आणून घासून मापात बसवता आले. बारीक असते तर भंगारात गेले असते. तिथले अधिकारी पहिल्या दिवशी आमच्यावर चांगलेच उखडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा पाठवला. पुढचे तीन महिने मात्र आमच्या मालाची मागणी त्यांनी निम्मी केली, आणि ते त्यांच्या जागी बरोबरच होते. आमच्या कारखान्यात बोनस दोन हप्त्यांत झाला. दुसरा हप्ता तुळशीचे लग्न होऊन गेल्यावर हाती पडला. कित्येक घरांत त्या वर्षी नवे कपडे आले नाहीत. ही गोष्ट गोड शेवटाची करून सांगणे मला जमणार नाही.

परत आल्यावर मी माझ्या हाताने ती नोटीस उतरवली आणि दुसरी लावली. 'गेज पडले तर या तांबड्या पेटीत ठेवावे. कापणी नाही. पडल्याची वेळ तेवढी सांगावी.' वेळ अशासाठी की, त्या वेळेनंतर मोजलेला माल तेवढाच पुन्हा पाहायचा. आठवडाभर पेटी रिकामी होती. लोक तिच्याकडे उंदराच्या पिंजऱ्याकडे पाहावे तसे पाहत. मग एके सकाळी मामा सर्वांच्या देखत आले, एक मायक्रोमीटर तिच्यात ठेवून म्हणाले, "सायेब, ह्यो सकाळी आठ वाजता पडला," आणि कामाला गेले. मी तपासला, त्याला काही झाले नव्हते. तो खरोखर पडला होता की मामांनी पेटीचे उद्घाटन केले, हे मी त्यांना विचारले नाही. त्या महिन्यात आणखी चार साधने आली. कागदावर पाहता आमचा कारखाना अचानक फार धांदरट झाला होता. मला मात्र झोप चांगली लागू लागली.

आता सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. मामा आज नाहीत. परवा भाजणीसाठी मापटे खाली उतरले, तेव्हा आमची नात सुटीत आलेली होती. ती म्हणाली, "आजी, अगं डिजिटल काटा आहे ना घरात! हे वाकडे भांडे कशाला?"

आजीने डाळीवरची नजर न काढता विचारले, "तुझा काटा कधी तपासून आणलास?"

नातीने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्रात तोंड घातले. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या धंद्याला इतका मोठा मान घरात प्रथमच मिळत होता आणि मला त्यात व्यत्यय आणायचा नव्हता. बायकोने मापटे तांदळांनी शिगोशीग भरले, सवयीने एकदा पोच्यावर अंगठा ठेवला, आणि अर्धी मूठ वर टाकली.